बैलमुती रांग

दहा वर्षं ती वाकळ अर्धी पडून होती आन घरात तिच्याबद्दल कुणी चकार शब्द काढत न्हव्हतं. गोधडीला आमच्याकडं वाकळ म्हणतात. ज्वारीच्या कणगीमागं चिंध्यांचं बोचकं होतं, त्यात तिची गुंडाळी कोंबलेली. मला जागा पक्की ठाऊक होती. रोज कणगीतून दाणे काढायला मीच जायची ना! हात बोचक्यापर्यंत जायचा आन माघारी यायचा. कारण ती अर्धी राहिली ती माझ्यामुळं. वाकळीचं एक जाऊ द्या हो, चिंध्याच त्या. पण एका बाईचा भरला संसार अर्ध्यातून सुटला, तोबी माझ्यामुळं. आता माझं वय झालं, लपवून कुठं नेऊ? सांगून टाकते.

माझं लग्न झालं तेव्हा मला पंधरावं लागलं होतं. निजामाचं राज्य होतं. गाव बदनापूरच्या अलीकडं दोन कोसांवर. वारा तिकडचा असला की रेल्वेची शिट्टी ऐकू यायची आन सासू म्हणायची, "झाली की गं दुपार, भाकरी झाल्या का न्हाई?" घरात सासू, थोरले दीर, त्यांची बायको म्हणजे माझी जाऊ, आन आम्ही दोघं नवरा-बायको. सासरे आधीच गेल्ते. जावेला मी आक्का म्हणायची. माझ्याहून नऊ-दहा वर्षांनी मोठी, उंच, सावळी, बोलायला अगदी कमी. तिचं माहेर धावड्याचं, पार तिकडं भोकरदनच्या वर, डोंगराच्या अंगाला. माहेरचं माणूस वर्षातून एकदा यायचं, तेबी आलं तर.

मला सासरी काही म्हणता काही येत न्हव्हतं. आईनं शिवण-टिपण शिकवलं, पण चुलीजवळ बसवलं न्हाई. पहिल्याच आठवड्यात मी दुरडीभर भाकरी करपवल्या. सासू आली, दुरडीत डोकावली, "कोनी केलं हे?" मी गारठलेच. तर आक्का म्हणाली, "माझ्याच हातनं झालं आत्याबाई, ध्यान न्हव्हतं." सासूनं तिचा असा उद्धार केला म्हणता! मी भिंतीला टेकून उभी. पुढं असं पाच-सहा वेळा झालं. मला शिकवलं तिनं, आन मी शिकेपर्यंत माझी बोलणीबी तिनंच खाल्ली.

आन तिच्याकडं काही जास्तीचं होतं असं न्हाई, की त्यातलं मला द्यावं. लग्नाला आठ वर्षं झाली होती आन तिची कूस उजवली न्हव्हती. सासू दर सणाला एकच टुमणं लावायची, दुसरी करा. दीर ना हो म्हणायचे ना न्हाई. खाली मान घालून जेवायचे आन शेतात निघून जायचे. घरात आक्काच्या बाजूनं एकच गोष्ट होती, तिचं काम. सासूच म्हणायची, "पोटी काही न्हाई, पन कामाला वाघ हाय." त्या एका वाक्यावर ती बाई त्या घरात राहत होती, आन हे तिला चांगलं ठाऊक होतं.

आन तिला दिसेनासं होत चाललं होतं.

हे मला तेव्हा माहीत न्हव्हतं. पण माहीत व्हायला पाहिजे होतं, हे मी आज छातीवर हात ठेवून सांगते. दिवस मावळायच्या आत ती सगळं उरकायची, दिवा लागला की कोपऱ्यात जाऊन बसायची. उंबऱ्याशी आली की आधी अंगठ्यानं उंबरा चाचपायची, मंग पाऊल टाकायची. धान्य निवडायला सूप घेऊन अंगणात भर उन्हात बसायची. मी म्हणायची, "आक्का, काळ्या होताल!" ती हसायची. माझ्या जिभेवरनं तिनं माझं नाव तिखट ठेवलं होतं. एका घरात राहून, एका ताटात जेवून मला हे कळलं न्हाई. मी आपल्याच तोऱ्यात होते.

माझ्या लग्नानंतरचा दुसरा चैत. रानातली कामं आटपली होती. सासूनं वर्षा-दोन वर्षांच्या चिंध्या बाहेर काढल्या. तिच्या जुन्या लुगड्यांची धडपी, सासऱ्यांचं धोतर, दिरांचं फाटकं मुंडासं, माझ्या लग्नातल्या खणाचे तुकडे. पलीकडच्या गल्लीत पिंजाऱ्याचं घर होतं, कापूस पिंजायचे, गाद्या भरायचे. त्या घरच्या बाईला सगळं गाव खाला म्हणायचं. घरात उर्दू, आमच्याशी आमची-त्यांची मिसळ करून बोलायची. तिनंबी तांबड्या छिटाचे चार-पाच तुकडे आणून दिले. सारवलेल्या ओसरीत खाली दुहेरी लुगडं अंथरलं, चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवले, वर थिगळं मांडली आन कच्चे टाके घालून घेतले. मंग सासू कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आता एकीनं हिकडून धर, एकीनं तिकडून. रांगा घालत घालत मधी भेटा. बघू तर खरं कोनाचा हात कसा चालतो."

मला तर उकळ्याच फुटल्या. माझ्या आईच्या वाकळी आमच्या पंचक्रोशीत नावाजलेल्या. टाका कसा, तर ज्वारीच्या दाण्याएवढा, आन रांग दोरी लावल्यावाणी सरळ. माझा हात आईचाच. चुलीवर माझी नाचक्की झाली होती, पण सुई हातात आली की माझ्यापुढं कुणी न्हाई, असा माज होता मला. खोटं कशाला बोलू? दोन वर्षं मी त्या घरात अडाणी म्हणून राहिले होते. आता दाखवते म्हटलं.

पहिल्या दिवशी सकाळी आक्का माझ्याजवळ आली. हळूच म्हणाली, "पोरी, तेवढ्या सुया ववून ठिव ना. बोटाला चटका बसलाय." मी सहा सुयांत दोरा ओवला आन चिंधीला टोचून ठेवल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा. "तुझ्या हाताला जल्दी व्हतंय." तिसऱ्या दिवशी तिनं काही कारणच दिलं न्हाई, नुसत्या सुया पुढं केल्या. मला वाटलं, बघा, थोरलेपणाची मिजास! स्वतःची सुई ओवायलाबी हिला माणूस लागतं.

ती शिवायची कशी, तर डाव्या हाताच्या अंगठ्याचं नख आधीच्या रांगेला लावायची आन त्याच्या आधारानं पुढं सरकायची. डोळे खाली नसायचेच, समोर भिंतीकडं. पहिली रांग काठाच्या आधारानं ठीक आली. पुढं पुढं मंग नख सुटायचं आन रांग भरकटायची. कुठं वर चढली, कुठं खाली उतरली, कुठं आधीच्या रांगेवरनं उडी मारून पलीकडं गेली. एक टाका बोटभर, तर एक तिळाएवढा. माझ्या बाजूनं सगळं कसं देखणं येऊन राह्यलं होतं, आन समोरून हा गोंधळ माझ्याकडं सरकत होता. मधी भेटल्यावर माझ्या कामाचीबी शोभा जाणार, एवढंच माझ्या डोक्यात.

मंग मी काय केलं, तर आक्का पाण्याला गेली की तिच्या नव्या रांगा उसवायच्या आन माझ्या टाक्यानं भरून काढायच्या. तिला कळणार न्हाई असं मला वाटायचं. ती परत येऊन बसायची, बोटांनी रांगेचं शेवटचं टोक शोधायची, अन ते सापडायचं न्हाई. एकदा म्हणाली, "अगं, काल मी इथवर आल्ते ना?"

मी म्हटलं, "छे वो आक्का! काल तुमी बसल्याच कवा?"

असं म्हणून वर हसलेबी. तिनं सुई उचलली आन जिथं बोट टेकलं तिथून पुन्हा सुरू केलं. हे मी चार दिवस केलं. त्या चार दिवसांत तिच्या मनात काय चाललं असंल, डोळे गेले ते गेले, आता डोकंबी जायला लागलं असं तिला वाटलं असंल का, याचा विचार मी फार उशिरा केला. तेव्हा मला नुसती गंमत वाटत होती.

पाचव्या दिवशी दुपारी गल्लीतल्या बायका आल्या, वाकळ बघायला म्हणून. सासू खांबाला टेकून सुपारी कातरत होती. खालाबी होती. एकीनं माझ्या रांगांवरनं हात फिरवला, "बाई बाई, काय हात हाय पोरीचा!" मी फुगले. मंग तिचा हात आक्काच्या बाजूला गेला. त्या दिवशी आक्कानं घातलेल्या रांगा अजून उसवायच्या राहिल्या होत्या. ती म्हणाली, "आन ह्या गं कोनाच्या?"

बैल चालता चालता मुतला की धुळीत जो वाकडातिकडा वळ उठतो, त्याला आमच्याकडं बैलमुती म्हणतात. नांगराचं तास वाकडं गेलं की गडी एकमेकांना तसं चिडवतात. बायकांत हा शब्द कुणी काढत न्हाई. पण माझ्या जिभेला हाड न्हव्हतं.

मी म्हटलं, "ती होय? ती आमच्या आक्काची बैलमुती!"

असा हशा पिकला की विचारू नका. एक बाई तर पदर तोंडात कोंबून लोळायची बाकी राहिली. मीबी हसत होते. एकटी खाला हसली न्हाई. आन आक्का. ती सुई धरून तशीच बसली होती, चेहरा आमच्याकडं, पण नेमका कुणाकडंच न्हाई.

सासूनं अडकित्ता खाली ठेवला. उठून आली, वाकली, त्या रांगा नीट निरखून पाहिल्या. तिला हसू आलं न्हाई. तिनं चिंधीतली एक सुई काढली, तिचा दोरा ओढून टाकला, आन सुई न् दोरा आक्काच्या हातात दिला. म्हणाली, "वव."

आक्कानं दोऱ्याचं टोक ओठांत धरून ओलं केलं, चिमटीत वळलं. सुई डोळ्यांजवळ नेली. दोरा सुईच्या शेजारून गेला. पुन्हा ओला केला, पुन्हा गेला. बायकांचं हसू हळूहळू बंद झालं. मला वाटलं, हिला सगळ्यांसमोर लाजल्यावाणी झालंय. मी पुढं झाले, "द्या आक्का, मी देते." सासूनं माझ्या हातावर चापट मारली, "तू मागं सर." तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. आक्काच्या कपाळावर घाम आला होता. शेवटी ती म्हणाली, "आत्याबाई, डोळ्यावर ऊन येतंय."

ओसरीत ऊन न्हव्हतंच. सासू अडकित्ता उचलून आत गेली. बायका एकेक करून उठल्या.

खालाच्या मागोमाग मी गल्लीत गेले. म्हटलं, "खाला, हे काय झालं हो?" ती कधी चिडायची न्हाई, पण त्या दिवशी माझ्यावर कडाडली, "अगे मा! उसकू दिसता नै ना! दो साल हो गए. तेरेकू मालुम नै? एक घर में रहती ना तू?" मी म्हटलं, मंग मला सांगितलं का न्हाई कुणी? तर म्हणाली, "उसनेच कसम डाली थी. बोली, सास कू मालुम हुआ तो मै गई घर से." मंग माझ्याकडं बघून, जरा खाली आवाजात, "तेरेकू सुया देती थी ना ववने कू? मेरेकू लगा, तू जानती."

मी परत आले तेव्हा आक्का वाकळीची गुंडाळी करत होती. मी तिच्या पायांशी बसले. काही बोलावं तर तोंडातनं शब्द फुटेना, आन एरवी हीच जीभ! ती म्हणाली, "पीठ मळून ठिव जा. भाकरीची वेळ झाली." एवढंच. मला दोन थोबाडीत मारल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुढचं लांबण कशाला लावू? आखाडात दीर गाडी जुंपून तिला धावड्याला घेऊन गेले. म्हणायला, तिकडं डोळ्यांचं औषध देणारा कुणी चांगला वैदू आहे, चार दिवस जाऊन यावं. चार दिवसांच्या बोलीवर गेलेल्या बाईसोबत तिची सगळी लुगडी बांधून देतात का? सासूनं बांधून दिली. तिचा पितळी तांब्याबी दिला. आक्कानं निघताना सगळ्या घरातून एक फेरी मारली, भिंतीला हात लावत. मी दारात उभी होते. मला एक वाक्य बोलता आलं असतं. "आत्याबाई, त्यांना ठिवा, त्यांचं काम मी करीन," एवढं जरी बोलले असते! माझं ऐकलं नसतं, हे कबूल. पण मी बोलले न्हाई हेबी तितकंच खरं. मी भीत होते, आन त्या भीतीच्या खाली आणखी काहीतरी होतं, ते सांगायला आजबी जड जातं. आक्का गेली की माझी तुलना कुणाशी होणार न्हव्हती.

मार्गशीर्षात दिरांचं दुसरं लग्न झालं. नवी जाऊ शहागडाकडची, गोदाकाठची, स्वभावानं चांगली. तिच्यावर मी कशाला राग धरू? दोन वर्षांत तिला मुलगा झाला, मंग मुलगी. मलाबी लेकरं झाली. धावड्याहून पहिली दोन वर्षं निरोप यायचा, डोळ्यांना उतार न्हाई. मंग निरोप यायचा बंद झाला. घरात तिचं नाव निघेनासं झालं. वाकळ सासूनं स्वतः कणगीमागं टाकली होती, "राहू दे ती तिथंच," म्हणून. सासू होती तोवर मी तिला हात लावला न्हाई, आन सासू गेल्यावरबी दोन वर्षं लावला न्हाई.

मंग निजामाचं राज्य बुडायचं ते साल आलं. गावोगाव भीतीनं लोक बायकापोरं हद्दीपल्याड वऱ्हाडात पोचवायला लागले होते. रोज नवी बातमी, खरी किती न् खोटी किती देव जाणे. आमच्या घरीबी ठरलं, माझे मालक मला आन लेकरांना पल्याड ठेवून येतील, दीर घर-शेत सांभाळतील, नवी जाऊ तिच्या माहेरी शहागडला जाईल. अंथरुण-पांघरुण बांधायला काढलं आन बोचकं हातात आलं. आमची वाट कुठून जाणार होती? धावड्यावरनं. तिथून हद्द जवळ.

मी ती वाकळ ओसरीत पसरली. थिगळांना कसर लागली न्हव्हती, पण मधला पट्टा उंदरांनी कुरतडला होता. म्हटलं, ही पुरी करायची आन आक्काच्या हातात द्यायची. दुसरं मी तिला काय देणार होते?

पंधरा-सोळा दिवस मी दुपारची त्यावर बसत होते. खाला यायची, जवळ बसायची. त्या दिवसांत आमच्यातल्या काही बायका तिच्याशी बोलेनाशा झाल्या होत्या, तिच्या गल्लीतल्या काही माझ्याशी. ती यायचीच. नवी चिंधी लावून मी मधला पट्टा भरला. मंग तिच्या बाजूकडं आले. काठाला लागून तिच्या चार रांगा उरल्या होत्या, दहा वर्षांपूर्वीच्या, वाकड्या. मी कात्री घेतली.

खालानं माझा हात धरला. "क्यूँ उखाडती गे? रहने दे. उसके हात के हैं."

मी म्हटलं, "खाला, तिला द्यायचीय. अशी वेडीवाकडी कशी देऊ? चांगली करून देते."

खरं कारण ते न्हव्हतं. त्या चार रांगा मला बघवत न्हव्हत्या. एकेक टाका माझ्याकडं बोट दाखवत होता. खाला म्हणाली, "तेरी मर्जी," आन दुसरीकडं तोंड करून बसली. मी चारी रांगा उसवल्या. ज्वारीच्या दाण्याएवढा टाका घालून पुन्हा भरल्या. वाकळ पुरी झाली तेव्हा ती एवढी देखणी दिसत होती, आईनं बघितली असती तर पाठीवर थाप मारली असती. मला मात्र तिची घडीबी नीट घालता येईना. दुसऱ्या दिवशी घराची एक किल्ली दिरांकडं ठेवली, एक खालाकडं दिली आन आम्ही निघालो.

तिसऱ्या दिवशी सकाळी धावड्याला पोचलो. आक्काच्या भावाचं घर विचारत विचारत गेलो. बैलांना पाणी दाखवून लगेच निघायचं होतं, सोबतच्या दोन गाड्या थांबायला तयार न्हव्हत्या. आक्का अंगणात बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. केस पिकले होते. चाळिशीच्या आतली बाई, पण म्हातारी दिसत होती. मी "आक्का" म्हटलं मात्र, हातातली शेंग तशीच राहिली.

"तिखट आली का काय?" ती म्हणाली, आन हसली.

मी तिच्या गळ्यात पडून रडले. ती माझ्या पाठीवरनं हात फिरवत होती, आन मलाच विचारत होती, लेकरं किती, मोठं कितव्या वर्षात, खायला-प्यायला बरं हाय ना. माझ्या लेकरांना जवळ घेऊन तिनं त्यांचे चेहरे चाचपले. थोरल्या दिरांचं नाव तिनं काढलं न्हाई. तिची भावजय दारातून म्हणाली, "सगळं काम करतात, दिसत न्हाई असं वाटतबी न्हाई." तेव्हा मला आणखी रडू आलं. त्या घरात ती दहा वर्षं दळत, निवडत, शेंगा फोडत बसली होती. तेच आमच्याकडं करत बसली असती तर कुणाचं काय गेलं असतं?

मी वाकळ तिच्या मांडीवर ठेवली. म्हटलं, "आक्का, ही तुमची."

तिनं घडी उलगडली. छिटाच्या तुकड्यावर बोट थांबलं, "ही खालाची ना?" मंग सासऱ्यांच्या धोतराचा तुकडा बराबर ओळखला. मंग ती काठाकडं गेली, सरकत सरकत तिच्या त्या बाजूला, आन म्हणाली, "माझ्या रांगा ठिवल्यास का गं?"

मला वाटलं धरणी दुभंगावी. मी म्हटलं, "ठिवल्या की."

अंगठ्याचं नख लावून ती एकेका रांगेवरनं जाऊ लागली, अगदी सावकाश, या काठापासून त्या काठापर्यंत. पहिली झाली, दुसरी झाली. बाहेर माझे मालक हाका मारत होते, गाड्या निघाल्या म्हणून. ती थांबत न्हव्हती. चौथ्या रांगेवर नख या टोकापासून त्या टोकाला गेलं, परत आलं, पुन्हा गेलं. ती रांग मी चार-पाच दिवसांपूर्वी घातली होती.

"ही माझी," ती म्हणाली.

मी म्हटलं, "व्हय. तुमचीच."

तिच्या चेहऱ्यावर काय आलं ते मला आजबी सांगता येत न्हाई. ती त्या रांगेवरनं परत परत बोट फिरवत राहिली. मंग माझ्याकडं तोंड करून, राग न्हाई, काही न्हाई, अगदी साधं विचारावं तसं तिनं विचारलं, "कशी सरळ हाय बघ की गं. मंग त्या दिवशी बायकांमधी तू तसं का म्हनलीस?"

"चुकलं आक्का माझं," मी म्हटलं.

"चुकलं म्हनू नको. का म्हनलीस ते सांग."

मालकांनी तिसऱ्यांदा हाक मारली. मी उठले, तिच्या पायांवर डोकं ठेवलं, लेकरांना घेऊन गाडीत बसले. मागं वळून पाहिलं तेव्हा ती वाकळ मांडीवर घेऊन तशीच बसली होती, मी अजून समोर बसलेय असं समजून, उत्तराची वाट बघत.